मॅडम, फोन काढूनच घेऊ का?

मुलाची दहावी सुरू झाली की पालक माझ्याकडे हमखास हा प्रश्न घेऊन येतात. काही घरांत फोनचे तास कमी करावेच लागतात, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मूल अचानक गप्प झालंय, जेवणावरून उठतंय, मेसेज आला की दचकतंय, अशा वेळी फोन हिसकावू नका, असं मी कळकळीनं सांगते. एका घरातली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं कुटुंब. वडिलांचं दुकान, आई घरी शिवणकाम करते. पोरगं फुटबॉलवेडं, शाहू स्टेडियमवर आपल्या संघाची मॅच असली की घरात थांबायचं नाही. तेच मॅचला जाईना, तेव्हा आईला शंका आली. "पोरगं बोलंना झालंय ओ मॅडम. फोन मागितला की अंगावर येतंय. ह्यांनी तर फोन फोडायचाच बाकी ठेवलाय." दुकानाच्या खात्यातून दोन हजार रुपये गेले होते. पोरगं गेममध्ये पैसे घालवतंय, असं वडिलांना वाटत होतं.

मुलाशी एकट्याशी बोलले. तुझ्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर घरी सांगावं लागेल, पण कसं सांगायचं ते आपण दोघं ठरवू, हे आधीच स्पष्ट केलं. बराच वेळ तो बुटाची लेस सोडत-बांधत राहिला. मग म्हणाला, "पप्पांना कळलं तर फोन जाणार, फुटबॉल पण बंद."

इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावाच्या खात्यावरून त्याच्या संघाच्या फोटोंना लाइक येऊ लागले. गप्पा वाढल्या. एका रात्री व्हिडिओ कॉल आला, समोरच्या मुलीच्या सांगण्यावरून त्यानं कपडे काढले आणि कॉल कट झाला. थोड्याच वेळात त्याचाच व्हिडिओ त्याला आला. सोबत त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट, त्यात मामा आणि क्लासच्या मुली. "सगळ्यांना पाठवतो." अशा कॉलवर बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावलेला असतो, मागे बसलेला माणूस वेगळाच असतो. पप्पा जेवायला बसले असताना पोरानं त्यांच्या फोनवरून क्यूआर कोड स्कॅन केला. पैसे पोचताच पाच हजारांची मागणी आली. एकदा पैसे दिले की हा घाबरतोय आणि देतो, एवढंच त्यांना कळतं. म्हणून पैसे देऊन हे थांबत नाही.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते ताडकन उठले. "दादा, खाली बसा," मी म्हटलं. "गुन्हा त्यानं केलेला नाही, त्याच्यावर झालाय. आज तुम्ही हात उगारला तर उद्या तो तुम्हाला काहीच सांगणार नाही." या धमक्यांपायी मुलांनी जीव दिल्याच्या घटना घडल्या आहेत. पहिले काही दिवस त्याला रात्री एकटं झोपू देऊ नका, असंही सांगितलं.

फोन तेव्हा काढून फोडला असता तर पुरावाच गेला असता. चॅट डिलीट करायचं नाही. त्या खात्याचं नाव, प्रोफाइलची लिंक, धमकीचे मेसेज, पैसे गेल्याचा व्यवहार क्रमांक, सगळं जपून ठेवायचं आणि मगच ब्लॉक करायचं. तो व्हिडिओ मात्र कुणालाही, अगदी सख्ख्या काकालाही, पाठवायचा नाही. मुलांची अशी चित्रं पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67बखाली गुन्हा आहे. पैसे गेल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. जितका लवकर, तितकी रक्कम खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. मूल अडचणीत असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

पोलिसांचं नाव काढताच आई रडायला लागली. तिला सांगितलं की पॉक्सो कायदा, 2012 (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) प्रमाणे असं काही कळल्यावर कळवणं मलाही बंधनकारक आहे. मुलाचा जबाब घरीही घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसतो आणि नाव छापता येत नाही. हे ऐकून ती सावरली. 'टेक इट डाऊन' या मोफत सेवेवर मुलानं माझ्यासमोरच नोंद केली. त्यात व्हिडिओ फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो व्हिडिओ ओळखून काढून टाकू शकतात.

घरात आता रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतात, वडिलांचाही. वडिलांनी यूपीआयचा पिन बदलला. पोराचं इन्स्टाग्राम खातं प्रायव्हेट आहे, फॉलोअर्सची यादी त्यानं स्वतःच बसून गाळली. सगळ्यात अवघड होतं ते वडिलांचं एक वाक्य. माझ्यासमोर त्यांनी ते दोनदा अडखळत म्हटलं. "काही झालं तर मला सांग, फोन काढून घेणार नाही."

काही आठवड्यांनी दुसऱ्या खात्यावरून पुन्हा धमकी आली. पोरानं स्क्रीनशॉट काढला, आईला दाखवला, दोघांनी मिळून खातं ब्लॉक केलं आणि तपास अधिकाऱ्यांना कळवलं. दोन हजार परत मिळालेले नाहीत. व्हिडिओ कुणाकडे गेल्याचं अजून कळलेलं नाही. पोरगं मॅचला जातंय.