अ‍ॅरिझोनात हिवाळा काढायचाय? आधी टायर बघा

पहिल्यांदाच मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन निघताय, तर आधी टायर बघा. नक्षी शाबूत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर ‘DOT’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय.

मुक्कामाला क्वार्ट्झसाइट गावाजवळचा ला पोसा हा सरकारी जमिनीवरचा तळ उत्तम. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल सरकारी परवान्यावर राहता येतं. पाणी भरायची, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची सोय आहे. वीज मात्र आपली आपण.

आणि विजेचंच खरं बघायला लागतं. वाळवंटात दिवसा अर्ध्या बाह्यांत बसाल, पण रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. हीटर गॅसवर चालला तरी त्याचा पंखा रात्रभर बॅटरी खातो. सोलर पॅनेल दक्षिणेकडे तिरकं करता येत असेल तर जरूर करा; हिवाळ्यात सूर्य कलून जातो, सपाट पॅनेलला ऊन पुरेसं मिळत नाही.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात मात्र कधीही गाडी लावू नका, जागा कितीही छान दिसो. पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो.