प्रश्नोत्तरे: अँटिबॉडीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तरी

प्रश्न : चार वर्षांपूर्वी रक्त चढवल्यानंतर आईच्या रक्तात ‘अँटी-जेके-ए’ अँटिबॉडी (परक्या पेशींवर हल्ला करणारं प्रथिन) सापडली होती. आता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या रुग्णालयात तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. मग आता तिच्या गटाचं कुठलंही रक्त चालेल ना?

उत्तर : नाही, चालणार नाही. आणि शस्त्रक्रियेआधी विचारलंत हे फार बरं केलंत.

ए, बी, ओ आणि आरएच यांच्यापलीकडे तांबड्या पेशींवर किड, केल, डफी अशा अनेक गटांचे अँटिजेन (पेशींवरच्या ओळखखुणा) असतात. आपल्याकडे नसलेला अँटिजेन दुसऱ्याच्या रक्तातून किंवा गरोदरपणी बाळाकडून शरीरात आला, की काहींच्या शरीरात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होते. जेके-ए हा किड गटातला अँटिजेन. या गटाच्या अँटिबॉडी काही महिन्यांतच इतक्या कमी होतात की चाचणीत दिसत नाहीत, पण त्या बनवणाऱ्या स्मृतिपेशी शरीरात राहतात. जेके-ए असलेलं रक्त पुन्हा गेलं, तर काही दिवसांतच अँटिबॉडी झपाट्याने वाढते आणि चढवलेल्या पेशी फुटू लागतात. क्रॉसमॅचवर, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्ताशी जुळतात का ते पाहणाऱ्या चाचणीवर, विसंबू नका. आज रक्तात अँटिबॉडीच दिसत नसेल, तर क्रॉसमॅचही जुळणारच.

म्हणून जुना अहवाल शोधून त्याची प्रत शल्यविशारदांना आणि रक्तपेढीला, दोघांनाही द्या. आईला आयुष्यभर जेके-ए निगेटिव्ह रक्तच द्यायचं आणि क्रॉसमॅच कूम्ब्स पद्धतीनेच (पेशींना चिकटलेली अँटिबॉडी दाखवणाऱ्या) करायचा. असे दाते ढोबळमानाने चार-पाचांत एक असतात, म्हणजे दोन पिशव्यांसाठी रक्तपेढीला आठ-दहा पिशव्या तपासाव्या लागतील. जोडीला दुसरी अँटिबॉडी असली आणि तिला चालणारे दाते निम्मेच असले, तर हे प्रमाण आठ-दहांत एकावर येतं. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, काही दिवस आधी कळवा. ‘अडचण आलीच तर ओ निगेटिव्ह आहेच’ असं कुणी म्हणालं, तर ते मान्य करू नका. ओ निगेटिव्ह पिशव्यांतही बहुतेकींत जेके-ए असतोच. जीवच धोक्यात असेल तर डॉक्टर जाणीवपूर्वक ती जोखीम घेतील, पण नियोजित शस्त्रक्रियेत ती घ्यायचं कारण नाही.

अहवालाची छोटी प्रत आईच्या पाकिटात कायम असू द्या.

प्रश्न : रक्त चढवून आठवडा झाला. आता ताप आहे, डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते. याचा त्या रक्ताशी संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. आजच रुग्णालयात जा आणि रक्त कोणत्या तारखेला चढवलं ते आवर्जून सांगा. चढवलेल्या पेशी फुटण्याची ही उशिराची प्रतिक्रिया २४ तासांनंतर ते २८ दिवसांपर्यंत कधीही येऊ शकते. तापामुळे जंतुसंसर्ग समजून औषधं सुरू होतात, हिमोग्लोबिन घसरलं म्हणून रक्तस्राव शोधला जातो आणि पुन्हा तशीच पिशवी लावली जाते. चूक होते ती इथे.

तपासण्या अशा : हिमोग्लोबिन, बिलिरुबिन, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढतं), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), थेट कूम्ब्स चाचणी (पेशींना अँटिबॉडी चिकटली आहे का) आणि नव्या नमुन्यावर अँटिबॉडीचा शोध. अँटिबॉडी सगळी पेशींना चिकटलेली असेल तर प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) ती सापडत नाही. अशा वेळी पेशींवरून ती सोडवून तपासायला रक्तपेढीला सांगावं लागतं. मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागतं.

रक्त चालू असतानाच थंडी, कंबरदुखी, छातीत दडपण किंवा लाल लघवी दिसली, तर तो प्रकार वेगळा आणि अधिक तातडीचा. रक्त लगेच थांबवायचं, सुई न काढता नवीन नळीने नॉर्मल सलाईन सुरू ठेवायचं, पिशवीवरचं नाव आणि गट रुग्णाशी पुन्हा ताडून पाहायचा, पिशवी नळीसकट रक्तपेढीत पाठवायची आणि रक्ताचा नवा नमुना दुसऱ्या हातातून घ्यायचा. पहिली १५ मिनिटं रक्त सावकाश सोडून रुग्णाजवळ थांबतात ते याचसाठी.

प्रश्न : ‘बॉम्बे’ रक्तगटाला ओ गटाचं रक्तही चालत नाही का? भावाचं घेता येईल?

उत्तर : नाही चालत. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेल्या या गटात एच अँटिजेनच नसतो, आणि ओ पेशींवर तोच सर्वाधिक असतो. फक्त पेशींची तपासणी केली तर हा गट ओ असाच दिसतो. सीरमची (रक्तातल्या द्रवाची) ओ पेशींशी गाठ घातली की गुठळ्या होतात आणि खरा प्रकार कळतो.

आईवडील दोघेही वाहक (स्वतःचा गट वेगळा, पण या गटाचं जनुक बाळगणारे) असतील तर सख्ख्या भावाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक. आरएचही पाहावा लागेल. जवळच्या नात्यातलं रक्त विकिरण करूनच द्यायचं (किरणांची मात्रा किमान २५ ग्रे), नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात, आणि ते बहुधा जिवावर बेततं. नियोजित शस्त्रक्रियेसाठी स्वतःचंच रक्त आधी साठवता येतं. हिमोग्लोबिन किमान ११ हवं आणि शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या ७२ तास आधी काढलेली हवी.