गृहयुद्धातल्या बायकांवरचं नाटक प्रयोग न बघता नुसतं वाचून कळेल का?

कळेल की. नाटककार दनाई गुरिरा यांचं ‘इक्लिप्स्ड’ घ्या. २००३ चा लायबेरिया, बंडखोर कमांडरचा तळ आणि त्याच्या ‘बायका’ म्हणून डांबलेल्या स्त्रिया. एकमेकींना हाक नंबरानेच. कमांडर रंगमंचावर दिसतच नाही. त्याची चाहूल लागली की सगळ्या ओळीत उभ्या राहतात. म्हणून रंगसूचना गाळू नका, भीती तिथेच आहे. संवाद लायबेरियन इंग्रजीत आहेत, सुरुवातीची पानं मोठ्याने वाचा. मधे त्या बिल क्लिंटनचं चरित्र वाचतात आणि ज्या मोनिका लुइन्स्कीशी त्याचं प्रकरण गाजलं, तिला त्याची दुसरी बायको ठरवतात (इथे हसू आवरत नाही). सगळ्यात अवघड वाटते ती बंदूक घेतलेली नंबर दोन: स्वतः सुटायचं तर सैनिकांसाठी दुसऱ्या मुली पकडून आणायच्या.