गोचीडताप आणि मिरगी असलेली कुत्री तात्पुरती सांभाळताना

ताई, नागपूरच्या प्राणीमित्रांनी सोडवून आणलेली चार वर्षांची कुत्री कायमचे घर मिळेपर्यंत दारव्ह्याजवळच्या तुमच्या गावी सांभाळावी का, असे तुम्ही विचारले आहे. तिला दोनदा गोचीडताप होऊन गेला असून लहानपणी झालेल्या डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारानंतर मिरगीचे झटके येतात, आणि त्यासाठी तिला फेनोबार्बिटोनच्या गोळ्या चालू आहेत. वर्धा जिल्ह्यातील आमच्या घरी जवळपास अशीच एक कुत्री, लाली, चार महिन्यांसाठी म्हणून आली आणि अडीच वर्षे राहिली. तेव्हा ‘तात्पुरते’ या शब्दावर फारसा भरवसा ठेवू नये, हे आधीच सांगतो. घरात तुमच्याखेरीज वेळेवर गोळी देणारे आणखी एक माणूस असेल तर कुत्री आणावी. नसेल तर स्पष्ट नकार द्यावा, त्यात कमीपणा काहीच नाही.

संसर्गाची भीती लवकर निकालात काढता येते. डिस्टेंपरनंतर उरलेले झटके ही मेंदूला झालेल्या इजेची खूण आहे, ते कोणालाही लागत नाहीत. कुत्र्यांचा गोचीडताप गोचिडामार्फत पसरतो, कुत्रीला हात लावल्याने मुलांना होत नाही, आणि ढोरांना होणारे गोचिडांचे ताप हे वेगळ्या जंतूंचे आजार आहेत.

खरी अडचण अशी की या कुत्रीचे दोन आजार एकमेकांच्या औषधात पाय अडकवतात. गोचीडतापावर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात आणि ते साधारण २८ दिवस न चुकता द्यावे लागते. परंतु फेनोबार्बिटोनमुळे यकृताचे काम वाढते आणि डॉक्सिसायक्लिन शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून ताप उलटल्यास नव्या डॉक्टरांना मिरगीची गोळी चालू असल्याचे पहिल्या वाक्यातच सांगावे. डॉक्सिसायक्लिनची गोळी दुधातून देण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मोडावी, कारण दुधातील कॅल्शियममुळे औषध नीट शोषले जात नाही. कोरडीही देऊ नये, भाकरीच्या घासात देऊन वर पाणी पाजावे, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. दुसरी गुंतागुंत गोचिडांच्या उपायाची आहे. तोंडाने द्यायच्या नव्या गोळ्यांपैकी आयसोक्साझोलीन गटातील औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. मिरगी असलेल्या कुत्रीला अशी गोळी औषध दुकानदाराच्या सल्ल्याने कधीही देऊ नये.

मग गोचीड आवरायचे कसे? कुत्र्यावरील तपकिरी गोचीड प्रत्येक वेळी रक्त पिऊन खाली उतरतो आणि भिंतीच्या भेगांत, तट्ट्याच्या सांध्यांत किंवा पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन बसतो; मादी तिथेच हजारांच्या घरात अंडी घालते. त्यामुळे कुत्री स्वच्छ केली तरी सपरी तशीच राहिली, तर पंधरवड्यात पुन्हा तेच. आम्ही लालीची जागा कोठ्यापासून दूर नेली, भिंतीच्या भेगा बुजवून चुना मारला, अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यात धुतले आणि रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या व शेपटीखालची जागा तपासली. अंगावर लावायचे औषध डॉक्टरांनी वजन पाहून ठरवले. वावरातून उरलेले कपाशीचे फवारणीचे औषध कुत्र्याला चोळण्याचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे तुमच्या भागात कोणाला सांगण्याची गरज नसावी. कुत्रे तर तेच अंग चाटते.

मिरगीची गोळी बारा बारा तासांनी, घड्याळ पाहून द्यावी लागते आणि ती अचानक बंद करता येत नाही. माझी चूक इथेच झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी पुडी संपत आल्याचे लक्षात आले, तालुक्याच्या दुकानात माल नव्हता, आणि रात्रीच्या पावसाने नाल्याला पूर येऊन रस्ता दोन दिवस बंद राहिला. दुसऱ्या रात्री लालीला पहाटेपर्यंत तीन झटके आले. तेव्हापासून घरात महिनाभराच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवल्या, आणि पावसाळ्यात दीड महिन्याच्या. हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून चिठ्ठीची मुदतही पाहत राहावी. भूक, तहान आणि लघवी वाढते, तो औषधाचा परिणाम असतो; ‘फार खाते’ म्हणून घरच्यांनी रागावू नये.

झटका आला की शेजारी चप्पल नाहीतर कांदा घेऊन धावतील. दोन्हींचा उपयोग नाही, आणि कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. तोंडात हात घालू नये, आजूबाजूच्या वस्तू सरकवाव्यात, वेळ मोजावी. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा दिवसात दुसऱ्यांदा आला, तर डॉक्टरांकडे निघावे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना लांबलेल्या झटक्याने अंगाचा ताप आणखी चढतो, म्हणून टिनाखाली तिला बांधू नये.

याहून मोठा धोका गावातला आहे. तोंडातून फेस येणारे कुत्रे म्हणजे पिसाळलेले, ही समजूत पक्की असते आणि काठ्या निघायला वेळ लागत नाही. कुत्री घरी येण्यापूर्वीच रेबीजची लस दिल्याचे कार्ड सरपंचांना आणि चार शेजाऱ्यांना दाखवावे, झटके कसे दिसतात ते सांगावे आणि तिच्या गळ्यात ठळक रंगाचा पट्टा ठेवावा. लस झालेली नसेल तर तिला आणूच नये.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांचा दिवस ढोरांमागे जातो; तरीही त्यांच्याशी आधी ओळख करून ठेवावी, रात्री तेच उपयोगी पडतात. यकृताच्या आणि रक्तातील औषधाच्या तपासणीसाठी सहा महिन्यांतून एकदा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर संस्थेत जावे. माणसांच्या लॅबमधील यंत्र कुत्र्याच्या रक्तासाठी जुळवलेले नसते, त्यामुळे गोचीडतापात घटणाऱ्या प्लेटलेटच्या तिथल्या आकड्यावर विसंबू नये. हिरड्या फिकट पडणे, पोटावर लाल ठिपके किंवा नाकातून रक्त दिसल्यास मात्र सहा महिन्यांची वाट न पाहता त्याच दिवशी निघावे.

खर्चाबाबत भिडस्तपणा करू नका. औषधे, तपासण्या आणि नागपूरला जाण्याचे गाडीभाडे कोण देणार, घर मिळाले नाही तर किती महिन्यांनी तिला परत नेणार, आणि मध्येच ती दगावली तर तुमच्याकडे बोट दाखवले जाणार नाही, हे प्राणीमित्रांकडून लिहून घ्यावे. सोबत लसीचे कार्ड, मागचे दोन रक्ततपासणीचे कागद, मिरगीच्या गोळीची चालू चिठ्ठी आणि दीड महिन्याच्या गोळ्या मागाव्यात. लालीच्या वेळी मला यातले फक्त कार्ड मिळाले होते, आणि चिठ्ठी हाती येण्यात पुढचे सतरा दिवस गेले.