परवाना लागत नाही, मग लेखी कोण देणार?

तुमची अडचण वाचली आणि आमचेच दिवस आठवले. मधे डोंगर, मोबाइलला रेंज नाही, आरोग्य केंद्राचे निरोप पलीकडच्या वस्तीत पोचवायला लोरा रेडिओ (कमी विजेवर लांबवर छोटे निरोप पाठवणारे) लावायचेत, आणि पाण्याच्या टाकीवर अँटेना बसवायला टाकीवाले ‘परवानगीचं पत्र आणा’ म्हणतात.

अँटेना, केबल, माथ्यावरचा सोलर रिपीटर (निरोप पकडून पुढे पाठवणारं यंत्र) हे तुम्हाला जमेल, त्यावर लिहीत नाही. आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला रेडिओ परवान्यांच्या एका कार्यालयाने. आमचा बँड, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, परवानामुक्त होता. तेवढंच लेखी मागितलं, तर उत्तर आलं, ‘ज्याला परवाना लागत नाही त्याचं पत्र आम्ही देत नाही.’ आणि टाकीवाल्यांनी फोन केला तेव्हा तिथूनच सांगितलं, ‘आम्ही यांना काही दिलेलं नाही.’ टेबलं फिरता फिरता पावसाळा लागला. रुग्णाला पुढे हलवायचं का, एवढं विचारायला माणूस घाट उतरून जात होता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून पत्र मागूच नका. तुम्हीच त्या कार्यालयाला कळवा: अमुक अधिसूचनेनुसार, अमुक पॉवरच्या मर्यादेत यंत्र लावत आहोत. सोबत अधिसूचनेची प्रत आणि यंत्राचं मान्यता प्रमाणपत्र जोडा, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्या टाकीवाल्यांना शेवटी ती पोचच पुरली. मी वकील नाही, नियम देशागणिक बदलतात, तुमचे तपासून घ्या. बँडही बदलतो: युरोपात 868, अमेरिकेत 915, भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झ. यंत्र मागवताना हे आधी बघा.

शाळाही जोडायची असेल तर तिच्यासाठी मात्र लोरा नको, त्यातून फाइली जात नाहीत. तिथे ‘लाइव्ह इंटरनेटच हवं’ हा हट्टही सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कंबोडियाच्या रतनकिरी प्रांतात 2003 च्या सुमारास वायफाय लावलेल्या मोटारसायकली शाळाशाळांतून ईमेल गोळा करून आणत. किविक्स या ऑफलाइन वाचायच्या ॲपवर विकिपीडिया उतरवून ठेवला की वर्गात नेटशिवाय चालतो.

आणखी एक, मराठीत निरोप पाठवणार असाल तर. मेशटॅस्टिकच्या (लोरा रेडिओवरून निरोप पाठवायचं सॉफ्टवेअर) एका निरोपात जेमतेम दोनशे बाइट मावतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. नेहमीच्या निरोपांना आकडे ठरवून तोच तक्ता दोन्हीकडच्या भिंतीवर लावा, रुग्णवाहिकेचा आकडा सगळ्यात वर.