एआय सहायक कोडिंग स्टाइलचे नियम पाळत नाही? आधी नियमांची फाइल छाटा

तुम्ही लिहिलंय की नियमांची फाइल, म्हणजे सहायकाने कोड कसा लिहायचा ते सांगणारी, दीडशे ओळींवर गेली, तरी सहायक ओळीओळीवर कॉमेंट टाकतो, इंडेंटेशन मधूनच बदलतो आणि थोड्या वेळाने सगळं विसरतो. आता आणखी कडक शब्दांत लिहू का? नको. मी ते करून बसलोय. 'कधीही', 'कोणत्याही परिस्थितीत' असं ठळक अक्षरांत लिहून झालं. अर्धी फाइल ठळक झाली, फरक शून्य.

पहिली कात्री फॉरमॅटिंगवर चालवा. कोट सिंगल की डबल, ओळ कुठे मोडायची, हे मॉडेलला समजावण्यात अर्थ नाही. पायथॉनसाठी ब्लॅक किंवा रफ, जावास्क्रिप्टसाठी प्रेटियर, गो भाषेसाठी गोएफएमटी हे फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारे प्रोग्रॅम, ही कामं दर वेळी हुबेहूब करतात. मॉडेल ती 'बहुतेक वेळा' करतं. त्यात नियम आपसात भांडतात ते वेगळंच. पीईपी ८ ही पायथॉनची अधिकृत स्टाइल गाइड ओळीला ७९ अक्षरं देते, ब्लॅकची डिफॉल्ट मर्यादा ८८. फाइलीत 'पीईपी ८ काटेकोर पाळ' आणि प्रोजेक्टमध्ये ब्लॅक, तर बिचाऱ्याने कुणाचं ऐकायचं? तिथे एकच ओळ पुरते: बदल झाला की फॉरमॅटर आणि लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम) चालव, एरर उरल्या तर दुरुस्त कर. कमांड जशीच्या तशी लिहून द्या, नाहीतर तो स्वतःच्या मनाने दुसरीच काहीतरी चालवतो.

विसरण्याचं म्हणाल तर, ही फाइल म्हणजे एडिटरचं सेटिंग नव्हे. तो मजकूर तुमच्या मेसेजसोबत मॉडेलला वाचायला दिला जातो, इतकंच. संभाषण लांबलं, मध्ये मोठमोठ्या फाइली आणि एरर लॉग येऊन पडले की त्याचा जोर ओसरतो. नवं काम असेल तर सरळ नवं सेशन उघडा.

मग फाइलीत ठेवायचं काय? जे कोड वाचून कळत नाही आणि लिंटरला पकडता येत नाही ते. माझ्याकडे आधी 'तारखा नीट हाताळ' असा नियम होता. सहायकाने प्रामाणिकपणे नीट हाताळल्या, म्हणजे प्रत्येक फाइलीत लोकल वेळ काढणारं स्वतःचं वेगळं फंक्शन लिहून ठेवलं! तो नियम मी असा बदलला: 'डेटाबेसमध्ये वेळ नेहमी यूटीसी. लोकल वेळेत रूपांतर फक्त स्क्रीनवर दाखवताना, आणि तेही युटिल्समधल्या फंक्शननेच, कारण रिपोर्ट वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये उघडले जातात.' तेव्हापासून तो घोळ पुन्हा झालेला नाही. यातला 'कारण' फार कामाचा. कारण माहीत असलं की मी न लिहिलेल्या प्रसंगातही त्याचा अंदाज बरोबर येतो.

कॉमेंटचंही तसंच. 'अनावश्यक कॉमेंट नकोत' म्हणून भागत नाही. अनावश्यक कुठली हे त्याला कसं कळणार? काउंटर वाढवणाऱ्या ओळीवर 'काउंटर एकने वाढवतो' ही नको, आणि 'पेमेंट गेटवे कधीकधी तोच प्रतिसाद दोनदा पाठवतो, म्हणून इथे आयडी तपासतो' ही हवी. ही जोडी मी फाइलीत जशीच्या तशी ठेवलीय. 'हे करू नकोस'च्या शेजारी 'त्याऐवजी हे कर' असलं की फरक पडतो.

एक गोष्ट मात्र नियमांनी सुटत नाही. मॉडेल आजूबाजूच्या कोडची नक्कल करतं. फोल्डरमधल्या २० फाइली एरर गिळून गप्प बसत असतील, तर एकविसावीही गिळणार. निदान एक फाइल स्वच्छ करा आणि नियमात तिचंच नाव द्या: 'नवा हँडलर हिच्यासारखा लिही.'

फाइलीचं नाव टूलनुसार बदलतं. क्लॉड कोड क्लॉड डॉट एमडी वाचतो, कोपायलटची इन्स्ट्रक्शन्स फाइल डॉट गिटहब फोल्डरमध्ये असते, कर्सरचे नियम डॉट कर्सरखालच्या रूल्स फोल्डरमध्ये. एजंट्स डॉट एमडी बरीच टूल्स वाचतात. टीममध्ये दोन-तीन टूल्स असतील तर मजकूर एकाच फाइलीत ठेवा आणि बाकीच्यांतून तिकडे बोट दाखवा. प्रती केल्या की महिन्याभरात त्या वेगवेगळं बोलायला लागतात.

छाटताना हात धजावत नसेल तर एक ओळ काढा, नव्या सेशनमध्ये तेच छोटं काम पुन्हा करून घ्या आणि डिफ, म्हणजे कोडमध्ये काय बदललं ते, बघा. काहीच बिघडलं नाही तर ती ओळ गेली. माझी फाइल आता ४० ओळींची आहे, आणि त्यातल्याही दोन-तीन मी अजून तपासलेल्या नाहीत.