केवडा म्हणजे नेमका कोणता?

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कृषी पदविकेचं शेवटचं वर्ष, आणि वर्गातली मुलं म्हणतात की शेतकऱ्याच्या मोबाइलमध्येच आता कृषितज्ज्ञ बसलाय, मग आपल्याला कोण विचारणार? ही भीती खोटी नाही. काही कामं जाणार आहेत, ती आधी सांगतो.

क्रॉपसॅप या राज्याच्या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पात २००९ पासून ठरलेल्या प्लॉटवर जाऊन किडी मोजायच्या, आकडे भरायचे, हे काम कितीतरी पोरांची पहिली नोकरी होतं. २०२४ च्या १५ ऑगस्टला केंद्राने राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. ती फोटोवरून कीड ओळखायला मदत करते. नुसती मोजणी आणि भरणी यांची गरज कमी होत जाईल. फवारणीचं छापील वेळापत्रक वाचून दाखवणाऱ्याचीही होईल. त्या वाटेला जाऊ नकोस.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. वाळव्याच्या एका उसात ऐन उन्हाळ्यात मीच ओलाव्याचा सेन्सर बसवला होता. काळी जमीन, हात जाईल एवढ्या भेगा. खड्डा घेतला, सेन्सर ठेवला, वरून कोरडी ढेकळं लोटली आणि पुढच्या शेतावर गेलो. आत पोकळी राहिली. सेन्सरला मातीऐवजी हवा लागत होती, त्यामुळे तो रोज ‘कोरडं आहे’ असंच सांगायचा आणि मोबाइलवर रोज ‘पाणी द्या’ असा निरोप यायचा. शेतकऱ्याने विश्वासाने ठिबक चालू ठेवलं. थोड्या दिवसांत ऊस पिवळा पडला. त्याने पानाचा फोटो काढून ॲपला विचारलं, उत्तर आलं: नत्राची कमतरता, युरिया द्या.

त्याने युरिया आणायच्या आधी मला फोन केला, हे माझं नशीब. जाऊन बघतो तर पिवळी पानं शेंड्याची होती, बुडातली नव्हती. शिरा हिरव्या, मधला भाग पांढुरका. नत्र कमी पडलं की आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात. कोवळं पान असं पट्ट्यापट्ट्यानं पिवळं दिसलं तर लोहाकडे बघायचं. खुरप्याने ठिबकच्या नळीजवळ उकरलं तर चिखल. चुनखडीची जमीन आणि त्यात सतत पाणी, मग मुळांना लोह मिळणार कसं? पाणी तोडलं, फेरस सल्फेट फवारलं, नवी पानं हिरवी निघाली. सेन्सर उपटला, त्याच मातीची रबडी करून खड्ड्यात ओतली आणि पुन्हा दाबून बसवला. त्यानंतर त्याचे आकडे खरे यायला लागले.

यात यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. त्याला जे लागलं, जे दिसलं, त्यावर त्याने उत्तर दिलं. चूक मातीत होती आणि ती माझ्या हातची होती. तुझं काम पुढे इथेच आहे.

राज्याने २०२५ मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणायचं महाॲग्री-एआय धोरण आणलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी ठेवले. बारामतीत उसावर सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं एकत्र करून सल्ला देणं सुरूही झालंय. म्हणजे बांधाबांधावर सेन्सरचे खांब उभे राहणार. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पक्ष्यांची घाण अडकली की धो धो पावसातही नोंद शून्य येते. उंदीर वायर कुरतडतात. पानावरचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर औषधाचा थर बसतो, आणि द्राक्षातल्या डाऊनी या बुरशीच्या रोगाचा अंदाज तर त्याच ओलाव्यावर उभा असतो. हे सगळं ओळखून दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात शोधून सापडत नाही. वायरीतली वीज तपासायचा मल्टिमीटर धरायला आत्ताच शीक.

ड्रोनचंही शिक, मनापासून सांगतो. अठरा पूर्ण आणि दहावी पास असलं की मान्यताप्राप्त केंद्रात रिमोट पायलटचं प्रशिक्षण घेता येतं. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवरचा पंप आणि तोंडाला रुमाल, एवढ्यावर आपण माणसं कापसात पाठवत होतो. ते काम ड्रोनकडे गेलं तर मला त्याचा आनंदच आहे.

आणि भाषा सांभाळ. आपल्याकडे शेतकरी ‘केवडा पडलाय’ म्हणतो. भेंडीत तो पांढरी माशी पसरवते तो विषाणू, झाड उपटावं लागतं. द्राक्षात बुरशी. उसात लोहाची कमतरता. एकच शब्द, तीन दुखणी, तीन वेगळे उपाय. शेतात दोन पिकं शेजारी असली आणि माणूस घाईत बोलला, तर मोबाइलचं उत्तर भलतीकडे जाऊ शकतं. तू मात्र बांधावर उभी राहून विचारशील, ‘काका, कुठल्या वाफ्यात? वरचं पान की खालचं?’

एका गोष्टीत मी कडक आहे. ॲपने सुचवलेलं औषध लेबल आणि काढणीपूर्व कालावधी (फवारणीनंतर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते) बघितल्याशिवाय कुणाला सांगू नकोस. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडली, तेव्हा बागायतदारांचे चेहरे मी बघितलेत. माल परत आला तर शेतकरी तुझ्या दारात येणार, ॲपच्या नाही.

पगाराचं विचारलंयस. सुरुवातीला तो कमीच असेल. पहिली दोन वर्षं कुणा अनुभवी माणसाच्या मागे गाडीवर फिरण्यात घालव. रोज संध्याकाळी वहीत लिही: यंत्र काय म्हणालं, शेतात काय दिसलं, दोन्हींत फरक का पडला.

तासगावात द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची) ऑक्टोबरमध्ये आहे. आठ दिवस सुट्टी काढून ये. दोन नवे सेन्सर बसवायचे आहेत, खड्डे तूच घ्यायचे.

तुझा काका